गुलाबी पडलेलं फिनॉल वितळवायचं आहे, साधे नाइट्राइल ग्लोव्ह्ज पुरतील का?

पिपेटवाली

नमस्कार मंडळी. पीएचडीचं पहिलंच वर्ष आहे, प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

लाँग-रीड सिक्वेन्सिंगसाठी (डीएनएचे लांब धागे सलग वाचायची पद्धत) लांबच लांब धाग्यांचा डीएनए काढायचा आहे. किटच्या कॉलममधून काढला की त्याचे तुकडे होतात, म्हणून गाईड म्हणाले, जुन्या पद्धतीने फिनॉल-क्लोरोफॉर्मने काढ. लॅबमध्ये फिनॉलच्या स्फटिकांची ५०० ग्रॅमची बाटली आहे. कधी आणली, कुणी उघडली, कुणालाच माहीत नाही. आत सगळा एकसंध गड्डा झालाय आणि रंग पांढऱ्याऐवजी गुलाबी. वरच्या बाजूला तर विटकरीच म्हणा. कपाटात एक पिवळा पडलेला कागद सापडला, त्यावर लिहिलंय: ६८ अंशांच्या वॉटर बाथमध्ये वितळवा, ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून ढवळा, वरचा थर काढून टाका, पीएच ७.८ च्या वर जाईपर्यंत पुन्हा पुन्हा करा.

आमच्याकडे रोजचे निळे नाइट्राइल ग्लोव्ह्ज आहेत. सीनियर म्हणतो, तेवढे बास. बाटलीवर मात्र कवटीचं चिन्ह आहे आणि सुरक्षापत्रकातले शब्द वाचून पोटात गोळा आला. खरं किती आणि उगाच घाबरवणं किती?

घाईतला

तीन वर्षं रोज फिनॉल-क्लोरोफॉर्म करतोय, निळे नाइट्राइल घालूनच. आजवर काही झालं नाही. हूडमध्ये (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात) काम कर, थेंब पडला तर लगेच जळजळेल, तेव्हा धुऊन टाक. सुरक्षापत्रकं मिठाचीही भयानकच असतात.

निवृत्त_सहायक

वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. बत्तीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो, त्यातली बरीचशी जैवरसायनाच्या लॅबमध्ये. वयाने लहान असशील म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

घाईतल्या भाऊंचं एक वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं: "लगेच जळजळेल, तेव्हा धुऊन टाक." फिनॉलच्या बाबतीत नेमकं हेच होत नाही. आम्ल सांडलं की माणूस ओरडतो. फिनॉल सांडलं की आधी थोडं चुरचुरतं, कधी तेवढंही नाही, आणि मग तो भाग बधिर होतो. ते कातडीतली प्रथिनं गोठवतं आणि संवेदनाही मारतं. खाली कातडी भाजत असते, वर तुम्ही निवांत पिपेट चालवत असता.

माझी गोष्ट सांगतो. नोकरीचं चौथं वर्ष. वितळवलेल्या फिनॉलची बाटली बाथमधून काढून मी सिलिंडरमध्ये ओतत होतो. ओतून बाटली सरळ केली तशी एक धार गळ्यावरून बाहेरच्या अंगाने खाली आली. ग्लोव्ह मनगटापाशीच संपणारा आखूड होता. थेंब ग्लोव्हच्या काठावरून आत गेला आणि घड्याळाच्या चामडी पट्ट्याखाली मुरला. मला फक्त कोमट ओलं लागल्यासारखं वाटलं. पाणी असेल म्हणून मी काम पुरं केलं, दहा-बारा मिनिटं तरी गेली असतील. हात धुताना पट्टा सरकवला तर खाली रुपयाएवढा पांढराफेक चट्टा, बराच वेळ पाण्यात भिजलेल्या बोटांसारखा सुरकुतलेला. पेनाच्या टोकाने टोचून पाहिलं. काही नाही. दुसऱ्याच्या हाताला टोचतोय असं वाटलं.

आणि इथे मी दुसरी चूक केली. पट्टा हातातच ठेवून नळाची बारीक धार सोडली. भिजलेल्या चामड्यातलं फिनॉल पाण्यात विरघळून आणखी पसरलं आणि चट्टा लांबोडा झाला. थोडंसं पाणी फिनॉलला वाईट ते यासाठी: ते धुऊन जात नाही, पातळ होऊन जास्त कातडी व्यापतं आणि आत जातं. आमच्या सरांनी ते पाहिलं, कात्रीनं पट्टा कापून फेकला, नळ पूर्ण सोडला आणि मला तिथेच उभं केलं. शेल्फावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल ४०० होतं, खरं तर दुसऱ्याच कामासाठी आणलेलं. त्यात कापूस बुडवून पुसायचं, बोळा फेकायचा, नवा घ्यायचा. पंधरा-वीस मिनिटं हेच चाललं. फिनॉल पाण्यापेक्षा त्या ग्लायकॉलमध्ये कितीतरी सहज विरघळतं, म्हणून ते कातडीतून ओढून घेतं. मग दवाखाना, ईसीजी, लघवीची तपासणी, रात्रभर मुक्काम. चट्टा नंतर तपकिरी झाला, सोलला गेला. आजही तिथली कातडी गुळगुळीत आणि फिकट आहे.

एका थेंबासाठी ईसीजी कशाला, असं मलाही तेव्हा वाटलं होतं. कारण असं की फिनॉल कातडीवर थांबत नाही, रक्तात जातं. जास्त जागेवर सांडलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, झटके येतात, यकृत-मूत्रपिंडाला मार बसतो, लघवी काळपट होते. घटकाभरात माणूस कोसळू शकतो. अंगावर सांडून माणसं दगावलेली आहेत.

आता तुझ्या ग्लोव्ह्जचं. पातळ नाइट्राइल हे शिंतोडा उडाला तर लगेच काढून फेकण्यापुरतं आहे, त्यात हात बुडवण्यासाठी नाही. दाट फिनॉल त्यातून झिरपतं, आणि त्यात क्लोरोफॉर्म मिसळलं की नाइट्राइल मिनिट-दोन मिनिटांतच हार मानतं. नुसतं फिनॉल हाताळायचं तर जाड निओप्रीन किंवा ब्यूटाइल. पण ब्यूटाइल क्लोरोफॉर्मपुढे टिकत नाही, म्हणजे मिश्रणाला तेही नको. मिश्रणासाठी आत अनेक थरांच्या प्लॅस्टिक फिल्मचे लॅमिनेट ग्लोव्ह्ज आणि वर पकड यावी म्हणून नाइट्राइल, ही जोडी चांगली. ते नसतील तर निदान दोन नाइट्राइल एकावर एक, लांब बाह्यांचे, एप्रनच्या बाहीवर चढवलेले, आणि थेंब दिसला की त्याच क्षणी दोन्ही बाहेर. ट्यूब पुरी करून मग काढते, असं नाही.

घड्याळ, अंगठ्या, बांगड्या आधी काढून ठेव. पायात बंद बूट. डोळ्यांना बाजूने झाकणारा गॉगल, आणि गरम फिनॉल ओतताना त्यावर चेहऱ्याची ढाल.

वासाचं म्हणशील तर तिथे फिनॉल प्रामाणिक आहे. हवेत आठ तासांच्या कामासाठी मर्यादा ५ पीपीएमची (दहा लाख भागांत पाच) धरतात, आणि तो गोडसर औषधी वास त्याच्या शंभराव्या हिश्शालाच यायला लागतो. थंड असताना वाफ फार उठत नाही. पण तू ते ६८ अंशांना नेणार, तेव्हा मात्र हूडशिवाय झाकण उघडायचं नाही. वाफही कातडीतून आत जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

इतकं लिहून झाल्यावर तुझा प्रश्न परत वाचला आणि कपाळावर हात मारला. बाटली गुलाबी आहे म्हणतेस ना? मग ती वितळवायचीच नाही! गुलाबी-विटकरी रंग म्हणजे हवेने त्याचं ऑक्सिडीकरण होऊन क्विनोनसारखी संयुगं झालीत. तीच डीएनएचे धागे तोडतात आणि एकमेकांना चिकटवतात. तुला हवाय लांब धागा, आणि तू त्याला कात्रीच्या दुकानात पाठवणार. पूर्वी असलं फिनॉल १६० अंशांना पुन्हा ऊर्ध्वपातित करून साफ करत. आमच्या सरांना मी ते करताना पाहिलंय. कंडेन्सरमध्ये थंड पाणी सोडायचं नाही, कारण फिनॉल ४१ अंशांच्या खाली गोठतं, नळी तुंबते आणि मागे उकळता फ्लास्क! आज कुणी ते करायला सांगितलं तर सरळ नाही म्हण.

बफरने संपृक्त केलेलं, पीएच ८ चं तयार फिनॉल बाटलीत मिळतं. ते मागव. जुनी बाटली न उघडता, नाव लिहून, घातक कचऱ्यात दे.

क्रांतिक_ताप

काका, प्रतिसाद जपून ठेवला. पण अंगावर काटा आला तो वेगळ्याच कारणाने. बीएस्सीला आम्ही सगळ्यांनीच फिनॉल-पाण्याचा प्रयोग केलाय. मोठ्या परीक्षानळीत फिनॉल आणि पाणी, तापवत न्यायचं, गढूळपणा जातो ते तापमान टिपायचं, मग थंड करताना पुन्हा गढूळ होतं तेही टिपायचं. ६६ अंशांच्या आसपास दोन्ही कुठल्याही प्रमाणात एकजीव होतात. हूड नव्हता, ग्लोव्ह्ज नव्हते. मी तर ढवळायची काचकांडी टेबलावरच ठेवायचो. बोटांची टोकं दोन दिवस पांढरी आणि खरखरीत झाल्याचं आठवतं. आम्ही समजायचो खडूची आहेत.

निवृत्त_सहायक

खडू नव्हे ते. बोटांच्या टोकांची कातडी जाड, म्हणून निभावलं. तोच थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा डोळ्यात गेला असता तर आज ही गंमत सांगता आली नसती. डोळ्यासाठी फक्त पाणी, पापण्या उघड्या धरून निदान पंधरा मिनिटं, आणि तडक डॉक्टर. डोळ्यात ग्लायकॉल घालायचं नाही, हे लिहायचं राहिलं होतं.

हात पांढरे पडण्याचा इतिहास मात्र थोरामोठ्यांचा आहे. १८६५ साली ग्लासगोत जोसेफ लिस्टरने गाडीखाली पाय सापडलेल्या अकरा वर्षांच्या पोराच्या जखमेवर हेच फिनॉल लावलं होतं. तेव्हा त्याला कार्बोलिक आम्ल म्हणत. जखम चिघळली नाही, पाय वाचला. पुढे शस्त्रक्रियेच्या खोलीत त्याचा फवाराच मारायचे. सर्जन लोकांचे हात बधिर व्हायचे, कातडी सोलायची. शेवटी लिस्टरने स्वतःच फवारा सोडून दिला.

बोटभर_पट्टी

पायाचं नख मांसात घुसलं होतं तेव्हा डॉक्टरांनी कडेचं नख काढून तिथे फिनॉलच लावलं माझ्या. ते पुन्हा उगवू नये म्हणून. मी चालत घरी आलो. मग इतकं विषारी कसं? प्रामाणिक शंका आहे.

निवृत्त_सहायक

शंका रास्त आहे. डॉक्टर बोटाच्या मुळाशी आवळपट्टी बांधून रक्त थांबवतात, काडीच्या टोकावर जेमतेम ओलं इतकंच घेतात, मिनिट-दोन मिनिटं लावतात आणि धुतात. जागा तांदळाच्या दाण्याएवढी. आणि तिथे कातडी मारायचीच असते! चेहऱ्याची कातडी सोलण्यासाठीही काही ठिकाणी फिनॉल वापरतात, पण तिथे जागा मोठी, म्हणून सोबत हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवावी लागते. किती जागेवर आणि किती वेळ, यावर सगळं आहे. ५०० ग्रॅमची बाटली मांडीवर उलटली तर तो हिशोबच वेगळा.

घाईतला

काका, माझं वाक्य मागे घेतो. आज मुद्दाम एका जुन्या ग्लोव्हच्या बोटात फिनॉल-क्लोरोफॉर्म ओतून हूडमध्ये टिश्यूवर टांगून ठेवलं. चहा घेऊन येईपर्यंत ग्लोव्ह फुगून लांब झालेला आणि टिश्यू ओला. तीन वर्षं हाच घालत होतो.

एक विचारायचं होतं: आरएनएसाठी ट्रायझॉल वापरतो, ते सौम्य असतं ना? ते सांडलं की आम्ही ब्लीच टाकून पुसतो.

निवृत्त_सहायक

अरे देवा. ताबडतोब थांबवा ते. त्या गुलाबी द्रवात फिनॉल तर आहेच, पण ग्वानिडीन थायोसायनेटही आहे. त्यावर ब्लीच पडलं की विषारी वायू निघतात. सांडलं तर ग्लोव्ह्ज बदलून शोषक कागदाने टिपायचं, कागद बंद होणाऱ्या पिशवीत घालून हूडमध्ये, मग घातक कचऱ्यात. त्याचा गुलाबी रंग मात्र मुद्दाम घातलेला असतो, पिपेटवालीच्या बाटलीसारखा खराब झाल्याचा नाही. नाहीतर उद्या कुणीतरी नवीकोरी बाटली फेकून देईल.

आणि क्लोरोफॉर्म मिसळलेला कचरा हॅलोजनयुक्त द्रवांच्या डब्यात, साध्या अल्कोहोलच्या डब्यात नाही. सिंकमध्ये तर कशालाच जागा नाही.

पिपेटवाली

काका, काय बोलू. तुमचा प्रतिसाद छापून गाईडच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, मनगटावरचं घड्याळ एकदा पाहिलं आणि तयार फिनॉलची ऑर्डर दिली. गुलाबी बाटली दोन पिशव्यांत घालून कचऱ्यासाठी नोंदवली. नोंदवतानाच गंमत झाली. तिथल्या मदतनीस मावशी लेबल वाचून म्हणाल्या, "अगं, फिनाइलच आहे ना, दे इकडे, फरशीला होईल." मी अक्षरशः किंचाळले. आता पिशवीवर मोठ्या अक्षरांत "हे फिनाइल नाही" असं लिहिलंय.

नवी बाटली आलीय. आत खाली पिवळा थर आणि वर पाण्यासारखा थर आहे. खराब आहे का हीसुद्धा? आणि ट्यूब कुठल्या घेऊ? माझ्याकडे पॉलिस्टायरीनच्या पारदर्शक पडल्यात.

निवृत्त_सहायक

मावशींची चूक नाही, नावच तसं आहे. लेबलाखाली ठळक मराठीत एक ओळ हवीच असते. आमच्याकडे मी लिहायचो, "विष. हात लावू नका."

पिवळं घाबरू नकोस. तो ८-हायड्रॉक्सीक्विनोलीनचा रंग आहे, ०.१ टक्का घालतात. फिनॉल हवेने खराब होऊ नये म्हणून. त्याचा आणखी एक फायदा: तो फिनॉलच्याच थरात राहतो, म्हणून कुठला थर कुठला ते लगेच कळतं. एरवी फिनॉल खाली बसतं, कारण ते पाण्यापेक्षा जरा जड. पण नमुन्यात मीठ फार असेल तर पाण्याचा थर जड होऊन खाली जातो आणि नवखी माणसं डीएनए फेकून फिनॉल जपून ठेवतात. पिवळं कुठे आहे ते आधी बघ. वरचा पाण्यासारखा थर हा बफर आहे, तो राहू दे. पिपेटचं टोक त्यातून खाली नेताना हलकेच हवा सोडत जा म्हणजे बफर आत शिरणार नाही.

पॉलिस्टायरीन अजिबात नको, विरघळून हातात येईल. पॉलिप्रॉपिलीनच्या ट्यूब घे, झाकण घट्ट बसतंय का ते आधी नुसतं पाणी भरून उलटी करून बघ. गळकं झाकण सेंट्रिफ्यूजमध्ये गेलं तर सगळा रोटर फिनॉलने माखतो, आणि पुढचा माणूस उघड्या हाताने तो पुसतो. लांब धागा हवा असेल तर जोरात हलवू नकोस, ट्यूब सावकाश उलटसुलट कर. टिप रुंद तोंडाची घे.

आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल? ते मागवलंस का?

पिपेटवाली

मागवलं! ३०० मिळालं, ४०० संपलं होतं. चालेल ना? हूडच्या आत ठेवू की बाहेर?

निवृत्त_सहायक

३०० पण चालतं, दोन्ही त्याच कामाची. बाहेर ठेव, नळाच्या शेजारी, सोबत कापसाचा डबा आणि ग्लोव्ह्जची वेगळी जोडी. जोडी तुझ्यासाठी नाही, जो तुला पुसायला धावेल त्याच्यासाठी. अंगावर सांडलं तर आधी भिजलेला कपडा उतरवायचा, लाजायचं नाही. मग मोठ्या धारेखाली उभं राहायचं, ग्लायकॉल हातात येईपर्यंत पाणी थांबवायचं नाही. नंतर बोळ्याने पुसायचं, वास जाईपर्यंत. वर मलम-बिलम काही नाही, पट्टी नाही. दवाखान्यात जाताना सुरक्षापत्रकाची प्रत सोबत ने आणि "फिनॉल" हा शब्द तिथे स्पष्ट उच्चार, नाहीतर तेही फिनाइल समजतील.

एकटी असताना करू नकोस. सगळे जेवायला गेलेत, तेवढ्यात उरकून घेते, असं तर बिलकूल नाही.

पिपेटवाली

आज केलं. सीनियर शेजारी उभा होता, दोन ग्लोव्ह्ज घालून. एकदा माझ्या करंगळीवर बारीक पिवळा ठिपका दिसला. वरचा ग्लोव्ह काढून फेकला, मग आतलाही काढला, हात धुतला, नवी जोडी चढवली. तोवर ट्यूब दहा मिनिटं तशीच स्टँडमध्ये. डीएनए अल्कोहोल घातल्यावर पांढऱ्या धाग्यासारखा वर आला, काचेच्या आकड्याला गुंडाळूनच काढला. मोजणीच्या आलेखात मात्र २७० नॅनोमीटरला एक खांदा (बाजूचा फुगवटा) दिसतोय, डीएनएचं प्रमाण सांगणारा २६० चा आकडा त्यामुळे फुगलाय बहुतेक.

निवृत्त_सहायक

ते उरलेलं फिनॉल आहे, २७० ला तेच दिसतं. नुसत्या क्लोरोफॉर्मने आणखी एकदा धू, मग पुन्हा अल्कोहोल. ग्लोव्ह्ज तेच, दोन-दोन.